पांढरीफटक पिलं

देवकाबाई आणि तिची थोरली जाऊ मनकर्णा तीन वर्षांपासून एकमेकींशी बोलत नव्हत्या. म्हणजे बोलत होत्या, रोज बोलत होत्या, पण कोंबडीला मध्ये घालून. दोघींच्या अंगणांच्या मध्ये छातीएवढी विटांची भिंत होती. मनकर्णाला काही सुनवायचं असलं की ती आपल्या तांबड्या कोंबडीला हाक मारायची आणि भिंतीपलीकडे नीट ऐकू जाईल अशा आवाजात तिला सगळं सांगायची. देवकाबाईकडे कोंबडी नव्हती. ती बादलीला सांगायची. त्या बादलीने तीन वर्षांत जे ऐकलं ते माणसाने ऐकलं असतं तर तो गाव सोडून गेला असता.

हाडवैर म्हणतात ते हेच. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघं एकाच बोडीत, गावच्या तळ्यात, जाळं टाकायचे. वेगळे झाले तरी त्या दोघांचं एकमेकांशी काही बिनसलं नव्हतं. बिनसलं ते बायकांचं. आणि यंदा त्या वैरात तेल पडलं ते देवकाबाईच्या डुकरांमुळे.

बोडीत मासे पूर्वीसारखे राहिले नाहीत, तेव्हा देवकाबाईच्या पोराने, हेमराजने, गडचिरोलीला जाऊन पाच दिवसांचं वराहपालनाचं शिक्षण घेतलं आणि पांढऱ्या जातीची एक गाभण मादी घरी आणली. गावात मोकाट फिरणारी काळी डुकरं होतीच, पण दाराशी बांधून कोणी पाळत नव्हतं. त्याच सुमारास मनकर्णाच्या लेकीला पाहायला आलेले पाहुणे नाकाला रुमाल लावून उठून गेले. मग मार्कंड्याच्या जत्रेहून येताना, भरल्या ट्रॅक्टरमध्ये, अख्ख्या गावच्या बायांसमोर मनकर्णा म्हणाली, "आता हिच्या घरी सोयरा पाणी तरी पिईन का?"

देवकाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चालत्या ट्रॅक्टरमध्ये ती उभी राहिली.

"आयकून घ्या समद्या," ती म्हणाली. "माह्या डुकराच्या कोठ्यात ताट मांडून जेवाल, एवढा साफ ठेवीन मी तो. नाई ठेवला तं नावाची देवका नाई!"

बोलून गेली ती गेली. देवकाबाई बोललेला शब्द मागे घेणाऱ्यांतली नव्हती. खरं सांगायचं तर त्या कोठ्याइतकं स्वतःचं घरही तिने कधी साफ ठेवलं नव्हतं. कोठा मधल्या भिंतीला लागूनच होता; तिथे सिमेंटचा कोबा घातला, भिंतीला चुना लावला. सकाळी, दुपारी, संध्याकाळी असं तीनदा खराट्याने घासून, पाण्याने धुऊन, वरून फिनाईल. मादीच्या पायाला माती लागेल म्हणून तिला अंगणातसुद्धा सोडायची नाही. इस्तारी, तिचा नवरा, एकदा भीत भीत म्हणाला की जनावर आहे, थोडं लोळू दे चिखलात. त्यावर त्याला जे ऐकावं लागलं त्यानंतर त्याने जाळं खांद्यावर टाकलं आणि बोडीचा रस्ता धरला. तेव्हापासून तो या विषयावर बोलला नाही.

मादी व्यायली. अकरा पिलं झाली, एकही मेलेलं नाही. मोगऱ्याच्या कळ्यांसारखी पांढरी, एका ओळीत आईला लुचणारी. पाहायला बाया आल्या आणि कोठ्यातला कोबा पाहून खरोखर चाट पडल्या. देवकाबाईला त्या दिवशी जेवायचीही आठवण राहिली नाही. मादीला तिने बाळंतिणीसारखं केलं; गूळ, मेथ्या, तांदळाची कणी, सगळं. आणि बाळंतिणीच्या उशाशी ठेवतात तसा एक लोखंडी विळा कोठ्याच्या दारावर खिळ्याला टांगला. नजर कोणाची लागायची होती हे सांगायला नको. विळ्याचं टोक मधल्या भिंतीकडे होतं.

तिसऱ्या दिवशी हेमराज एक छोटी बाटली आणि सुई घेऊन कोठ्यात शिरला.

"हे काय?" देवकाबाईने विचारलं.

"लोहाची सुई आहे, माय. तिसऱ्या दिवशी द्या लागते. शिकवलं आमाले."

"तीन दिवसाच्या लेकराले सुई? धडधाकट पिलं आहेत, त्यायले काय झालं?"

"झालं नाई, होऊ नाई म्हणून."

त्याने एका पिलाच्या मांडीत सुई टोचली. पिलू असं किंचाळलं की गल्ली गोळा होते का काय. औषध काळपट तपकिरी, त्यातलं थोडं बाहेर ओघळलं आणि पांढऱ्या मांडीवर रुपयाएवढा डाग पडला. देवकाबाईने पदराने पुसला, पाण्याने धुतला, जात नाही म्हणजे जात नाही. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. मनकर्णा कोंबडीला सांगत होती.

"पाह्य वो माय, पांढऱ्या डुकराले गू लागला. आता बस म्हणा तिथी ताट मांडून!"

देवकाबाईने हेमराजच्या हातातून बाटली हिसकावली, तरातरा बोडीवर गेली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ती पाण्यात भिरकावली. परत आली तेव्हा सून रिंकू दारात उभी होती. रिंकू बारावी शिकलेली होती आणि सासूला घाबरत नव्हती, हे तिचे दोन्ही गुन्हे घरात रोज निघत.

"आत्याबाई, ते औषध होतं," रिंकू म्हणाली. "दहा पिलायचं राह्यलं."

"पोटभर दूध पिऊन राह्यले ते. दुधाहून मोठं औषध असते का? तू मले शिकवू नको."

रिंकू शिकवायची थांबली. हेमराज नवी बाटली आणतो म्हणाला, आणि आईने डोळे वटारल्यावर तोही थांबला. थांबायला नको होतं, पण त्या घरात देवकाबाईपुढे कोणाची शहामत होती?

चौदाव्या दिवशी पहिलं पिलू मेलं. तेही कोणतं? सगळ्यांत गुबगुबीत, सगळ्यांत पुढचं, आईचं पहिलं थान कधी न सोडणारं. सकाळी लुचत होतं, दुपारी धापा टाकायला लागलं, कुशी भात्यासारख्या वर-खाली, आणि दिवस कलायच्या आत आडवं झालं. दुसऱ्या दिवशी आणखी एक, तेही लठ्ठच. सतराव्या दिवसापर्यंत चार गेली. उरलेल्यांतली बहुतेक अंगाचं मुटकुळं करून कोपऱ्यात पडलेली. कान इतके पांढरे की उजेडात धरले तर कागदासारखे आरपार दिसावेत. गावातल्या बाया आधी ज्या पांढरेपणाचं कौतुक करून गेल्या होत्या, त्याच आता तोंडाला पदर लावून पाहत होत्या.

रोगाने आधी दुबळं मरतं, हे देवकाबाईला जन्मापासून माहीत होतं. इथे जाडजूड मरत होती आणि किडकिडीत राहत होती. मग हा रोग कसा? कोणीतरी निवडून, चांगलंचुंगलं पाहून विष घातलं होतं. आणि ते कोण, हे तिला विचारावं लागलं नाही.

तिने आधी पुरलेली उकरून काढली, चारही मेलेली पिलं एका टोपल्यात घातली, टोपलं डोक्यावर घेतलं आणि मनकर्णाच्या दारात नेऊन आपटलं.

"घे! खा आता! भिंतीवरून विष टाकलं तू माह्या लेकरायले!"

मनकर्णा तांदूळ निवडत होती. ती उठली. तीन वर्षांत पहिल्यांदा दोघी भिंत मध्ये नसताना समोरासमोर उभ्या होत्या, आणि बोलायला कोंबडीही नव्हती.

"माह्या दारात मेलेलं आणलं तू?" मनकर्णा म्हणाली. "माह्या पोरीची सोयरीक मोडली तुह्या डुकरापायी, मी दार लावून रडली, पन तुह्या दारात काई आणून टाकलं नाई. मी विष घालन? मी?"

"तूच! दुसरं कोन आहे इथी पापी?"

गल्ली गोळा झाली. कोणी म्हणालं पोलीस पाटलाला बोलवा, कोणी म्हणालं जाऊ द्या वो बाई. देवकाबाईने कोणाचंच ऐकलं नाही. "डॉक्टरले बोलवा," ती ओरडली. "फाडून पाह्यन डॉक्टर. पोटात विष निघाल्यावर मंग सांगा मले, जाऊ द्या म्हणून!" हेमराजने फोन लावला. उभ्या गल्लीसमोर मनकर्णानेही पदर खोचला आणि म्हणाली, "येऊ दे. मी इथून हालत नाई."

डॉक्टर उर्वशी चामोर्शीहून स्कूटीवर आल्या, तेव्हा दुपार झाली होती. गुरांच्या दवाखान्यात त्यांना येऊन वर्षच झालं होतं आणि तीस-पस्तीस गावं एकटीच्या अंगावर होती, त्यामुळे गोड बोलायला त्यांना सवड नसायची. त्या आधी टोपल्यापाशी न जाता सरळ कोठ्यात गेल्या. एकेक पिलू उचललं, पापणी खाली ओढून पाहिली, हिरड्या पाहिल्या. त्यांनी कोब्याचा वास घेतला.

"किती वेळा धुता हे?"

"तीनदा," देवकाबाई ताठ मानेने म्हणाली. "फिनाईल घालून."

डॉक्टर बाहेर आल्या. त्यांनी टोपल्यातली पिलं कोठ्यापुढे आणवली, एक पोत्यावर ठेवलं आणि सगळ्यांसमोर चिरलं. देवकाबाई अगदी जवळ वाकली. विष कसं दिसतं ते तिला पाहायचं होतं. रक्त आलं, पण ते रक्त म्हणावं असं नव्हतं. तांदूळ धुतलेल्या पाण्यात कुंकवाची चिमूट पडावी तसं पातळ. डॉक्टरांनी आतून एक अवयव काढून तळहातावर घेतला. सुजलेला, पिवळट, फिका.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"कलेजी," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

"बोकडाची कलेजी कशी असते?"

"काळी-लाल."

"मग ही अशी का?" डॉक्टरांनी देवकाबाईकडे पाहिलं. "विष नाही हे, बाई. या कलेजीत काहीच नाही, म्हणून ही अशी. धान ठेवायची ढोली असते ना तुमच्या घरी? कलेजी म्हणजे पिलाची ढोली. आईच्या पोटात असताना पिलू त्यात लोह भरून घेतं. जन्मल्यावर दुधातून लोह जवळजवळ मिळतच नाही, तेव्हा ते ढोलीतलं काढून खायचं आणि रक्त करायचं. माणसाचं लेकरू पूर्ण दिवस भरून जन्मलं तर पाच-सहा महिने पुरेल इतकं घेऊन येतं. सशाचं पिलू तर गच्च भरलेली ढोली घेऊन येतं. डुकराचं पिलू जवळपास रिकामी घेऊन येतं. एका पोटात अकरा जणं, वाट्याला येणार किती? आठवडाभर पुरलं तर पुरलं."

"मी मादीले गूळ घातला, मेथ्या घातल्या..."

"तिला सोन्याचा घास घातला असता तरी दुधात लोह उतरत नाही. आणि ही पिलं वाढतात किती झपाट्याने! जे जास्त दूध पितं, जास्त वाढतं, त्याची ढोली आधी रिकामी होते. म्हणून लठ्ठ आधी मेली."

 लठ्ठ आधी मेली, एवढ्या एका गोष्टीवर देवकाबाईने जावेला खुनी ठरवलं होतं.

"मंग गावातले काळे डुकरं?" तिने शेवटचं बळ काढून विचारलं. "त्यायले कोन सुई देते? ते काऊन मरत नाई?"

"ती पहिल्या दिवसापासून मातीत तोंड घालतात. मातीत लोह असतं. तुम्ही मातीच ठेवली नाही. तीनदा धुऊन काढली." डॉक्टर उठल्या, कोठ्यात गेल्या आणि एक पिलू काखेत घेऊन आल्या. हे वळवळत होतं, लाथा झाडत होतं, कान गुलाबी. मांडीवर रुपयाएवढा तपकिरी डाग. "याला सुई दिली होती. बाकीच्यांना का नाही दिली?"

हेमराजने मान खाली घातली. रिंकूने घातली नाही.

"बाटली बोडीत फेकली, डॉक्टर," ती म्हणाली. "डाग पडते म्हणून."

गर्दीत कोणी हसलं नाही. हसलं असतं तर देवकाबाईला सोपं गेलं असतं, कोणावर तरी धावून जाता आलं असतं. डॉक्टरांची नजर दारावरच्या विळ्याकडे गेली. "लोखंड टांगलं होतं म्हणा," त्या म्हणाल्या. "पोटात जायचं ते दारावर राहिलं."

"उरलेल्या सहाले द्या ना सुई," देवकाबाई म्हणाली.  "आता द्या. लगेच."

"माझ्याकडे संपली. हेमराजला चिठ्ठी देते, पण आज शनिवार, बाटली सोमवारशिवाय हाती लागत नाही. तोवर यांच्यापुढे माती टाका. लाल, खोलातली. वरची नको, बोडीकाठची तर नकोच, तिथे मोकाट डुकरं हागतात, जंत होतील. तेवढी चाटली तर सोमवारपर्यंत यातली काही तग धरतील. नाही टाकली तर मी नुसती फाडायला येईन."

"लाल माती इथी कुठी?" इस्तारी पहिल्यांदाच बोलला. "इथी समदी काळी. लाल पाहिजे तं जंगलात जा लागते, डोंगराकडं."

डॉक्टरांनी हात भिंतीकडे केला. भिंतीवरून एका ढिगाचं टोक दिसत होतं, लालभडक. मनकर्णाच्या अंगणात परवाच संडासाचा खड्डा खणला होता, पुरुषभर खोल, काळ्या थराखालची माती वर आली होती, अजून भांडंही बसलं नव्हतं. "ती काय. कोरी माती आहे, याहून चांगली नाही मिळायची," डॉक्टर म्हणाल्या, हात धुतले, आणि पुढच्या गावाला निघून गेल्या.

गर्दीची सगळी तोंडं देवकाबाईकडे वळली. मग मनकर्णाकडे.  मनकर्णा आपल्या अंगणात गेली, मातीच्या ढिगापाशी उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवले.

हेमराज भिंतीकडे निघाला. "मोठी माय, थोडी माती..."

"तू नाई," मनकर्णा म्हणाली. "जिनं टोपलं आणलं तिले म्हणा, मागून घे. बादलीले नाई सांगाचं. मले माग."

देवकाबाई कोठ्यात वळली. सहा पिलं कोपऱ्यात एकमेकांवर पडली होती, त्यातल्या एकाच्या कुशी भात्यासारख्या हलायला लागल्या होत्या. ते धापा टाकणं तिने चारदा पाहिलं होतं. त्यानंतर दिवस मावळेपर्यंतचा वेळ मिळतो, जास्त नाही. जत्रेच्या ट्रॅक्टरमधला आपला शब्द तिला आठवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या जिभेचा तिला संताप आला. गेलेली चारही पिलं तिनेच मारली होती. विष लागलं नव्हतं, नजर लागली नव्हती, खराटा पुरेसा झाला होता.

ती भिंतीपाशी गेली.

"बाई," ती म्हणाली. थोरल्या जावेला म्हणायचा हा शब्द तीन वर्षांत तिच्या तोंडून निघाला नव्हता.  "माती द्या."

"कायची माती?"

देवकाबाईने दात आवळले. "तुमच्या संडासाची."

"अना विष कोनं घातलं?"

"कोनंच नाई." आणि मग, कारण गल्ली अजून तिथेच उभी होती आणि पिलाच्या धापा भिंतीपर्यंत ऐकू येत होत्या, "मी मारले, बाई. तुमी नाई. द्या आता."

मनकर्णाने माफ केलं असं कोणी समजू नये. तिने दारातलं तेच टोपलं उचललं, ज्यात मेलेली पिलं आली होती, फावड्याने गच्च भरलं, भिंतीपाशी येऊन उंच धरलं आणि पालथं केलं. निम्मी माती देवकाबाईच्या डोक्यावर, पदरावर, निम्मी पायाशी. मोठी ढेकळं धबाधब पडली. देवकाबाई बाजूला झाली नाही. पदरात गोळा झालेली माती तिने तशीच कोठ्यात नेली आणि त्या घासूनपुसून आरसा केलेल्या कोब्यावर ओतली. ढेकळं फुटेनात. तिने दारावरचा विळा खिळ्यावरून काढला आणि त्याच्या मुठीने ती फोडायला बसली.

आधी एकही पिलू हललं नाही. मग डागवालं पिलू आलं, ज्याला गरज नव्हती तेच, आणि नाक खुपसून उकरायला लागलं. त्याच्या मागून एक फिकं पिलू पाय ओढत आलं. हुंगलं. चाटलं. मग दुसरं, तिसरं. धापा टाकणारं उठू शकत नव्हतं. देवकाबाईने त्याला मांडीवर घेतलं, बोटाला ओली माती लावली आणि त्याच्या तोंडात घातली. त्याने बोट चोखलं. ते जगेल की नाही हे तिला माहीत नव्हतं, पण चोखत होतं.

भिंतीवरून दुसरं टोपलं आलं, मग तिसरं, आता सरळ कोठ्यात. प्रत्येक वेळी तितकंच उंचावरून, तितक्याच जोरात. चुन्याच्या भिंतीवर लाल शिंतोडे उडाले, पाण्याची टाकी गढूळ झाली, सगळा कोठा शेतासारखा झाला. बाया दारातून डोकावून पाहत होत्या. चौथं टोपलं भिंतीवर टेकवून मनकर्णा थांबली, आणि तिची तांबडी कोंबडी पायात घुटमळत होती तिला ती मोठ्याने म्हणाली,

"पाह्य वो माय! हिच्या कोठ्यात आता ताट मांडून कोन जेवते, आपुन पाहू!"

देवकाबाईने मान वर केली. केसांत माती, कपाळावर माती, दातांतही कचकचत होती. या वेळी तिने बादली शोधली नाही.

"पिलं जेवून राह्यले, बाई," ती म्हणाली. "टाका अजून."